आईच्यान, उपाशीच आहो!

"उपाशी आहात ना?"

हा प्रश्न मी जितक्या माणसांना विचारला असेल, तितका एखाद्या अन्नछत्राच्या मालकानंही विचारला नसेल. त्याच्याकडे उत्तर 'हो' आलं की पान वाढतात. माझ्याकडे 'हो' आलं की मी सुई टोचत असे.

मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. आधी अमरावतीत, लग्नानंतर अकोल्यात, आणि अकोल्यातूनच निवृत्त झालो. टेक्निशियन हा शब्द पगाराच्या पावतीवर. लोकांसाठी मी 'रगतवाले भाऊ'. भाजीबाजारात मला पाहिलं की ओळखीच्या बाया नकळत कोपरावर पदर ओढून घ्यायच्या. मी वांगी घ्यायला आलेलो असायचो, पण त्यांचा विश्वास बसत नसे.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे टोचाटोची वाटतं. टोचणं सगळ्यात सोपं. शीर डोळ्यांना दिसत नसली तरी बोटाला लागते, आणि एकदा बोट शिकलं की विसरत नाही. अवघड असतं ते टोचण्याच्या आधीचं. साखरेची पहिली तपासणी उपाशीपोटी करतात. रात्री जेवल्यानंतर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. म्हणजे शरीर एकटं असताना साखर कशी सांभाळतं ते कळतं. मध्ये कपभर गोड चहा गेला, की रिपोर्टात जो आकडा येतो तो चहाचा, माणसाचा नव्हे. डॉक्टर त्या चहावर औषध लिहून देतात आणि माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून टोचण्याआधी विचारायचं, उपाशी आहात ना?

आता याचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच आहे. पण आमच्या वऱ्हाडात साध्या 'हो'ला कुणी किंमत देत नाही, आणि देणाऱ्यालाही तो उघडाबोडका वाटतो. त्याच्या अंगावर एक शपथ चढवल्याशिवाय माणूस तो घराबाहेर काढत नाही.

"आईच्यान, पान्याचा थेंब नाई घेतला."

"पानी चालते, बाई."

"हो का? मंग पानी घेतलं. आईच्यान."

एकाच दमात एकाच आईच्या नावानं दोन उलट शपथा. आईचं काही बिघडत नाही आणि बाईचंही नाही.

इतकी वर्षं ऐकून ऐकून शपथांची प्रतवारी मला पाठ झाली होती. 'आईच्यान' ही आमच्याकडे शपथ नसून वाक्य संपल्याची खूण आहे. 'देवाच्यान' त्याहून बरी, त्यातही ठिकाण पाहून देव बदलतो. अमरावतीत अंबादेवी, अकोल्यात राजेश्वर. कॉलेजची पोरं 'विद्येच्यान' म्हणतात, पण निकाल लागायच्या आधी म्हणत नाहीत. शपथ घेताना गळ्याची कातडी चिमटीत धरली असेल तर जरा जोर समजायचा. आणि स्वतःच्या लेकराची शपथ मात्र सहसा कुणी घेत नाही. खोटी निघाली तर ज्याची घेतली त्याला भोवते, हे सगळ्यांना आतून कुठंतरी खरं वाटतं. शिकलेल्यांना जास्त वाटतं, फक्त ते कबूल करत नाहीत.

या समजुतीचा मी धंद्यात उपयोग करून घेतला. कुणी 'आईच्यान' म्हटलं की मी रबरी पट्टा बांधता बांधता सहज विचारायचो, "आई कशी आहे मंग?"

"कुठची जी! जाऊन लय वर्सं झाले."

"मंग चहा घेऊन आलात तुमी."

माणूस ओशाळायचा. वारलेल्या आईला आता काय भोवणार, असा त्याचा बिनधोक हिशेब असायचा. "अर्धाच कप घेतला," असं म्हणून उठायचा आणि दुसऱ्या दिवशी उपाशी यायचा.

एका जावईबापूंनी तर माझ्यासमोर 'सासूच्यान' म्हटलं. फार मनापासून म्हटलं होतं. सासूबाई शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्यांनी नुसता दंड पुढे केला आणि मला म्हणाल्या, "आधी माहं घ्या. यायचं काई खरं नाई."

खर्रा खाणाऱ्यांचा तर निराळाच पंथ. तंबाखू-सुपारी घोटलेली ती पुडी गालात दाबून, तोंड आकाशाकडे करून माणूस शपथ घेतो, कारण खाली पाहिलं तर ती सांडते. "खर्रा काई खानं होय का, भाऊ?" असं ते मलाच उलट विचारायचे. अमरावतीला असताना एक पैलवान आला होता. आखाड्यात कुणाला भीत नाही असा त्याचा लौकिक. "सुईले मी भेत नाई, मायच्यान," असं म्हणाला, बाही वर केली आणि सुई वेष्टणातून निघायच्या आधीच माझ्या अंगावर कोसळला. त्याला उचलायला तिघं लागले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "भेलो नाई मी. उपाशी होतो."

मीही शपथा घेत होतो, हे सांगायला हवं. लहान लेकरं विचारतात, दुखणार नाही ना? आईच्यान म्हणा. मग मी म्हणायचो. दुखतं हे मला माहीत, लेकरालाही पुढच्या क्षणी माहीत. माझी आई तेव्हा अमरावतीला होती. तिला हे कुणीतरी सांगितलं. तिनं फोन केला आणि म्हणाली, "तरीच म्हनलं माहे गुडघे कावून दुखून राहिले! रोज किती पोट्ट्यायले टोचतं रे तू?" त्या दिवसापासून मी लेकरांना 'मुंगी चावल्यासारखं होईल' असं सांगू लागलो. गुडघ्यांना काही फरक पडला नाही, पण आईनं कारण दुसरं शोधलं.

आणखी एक रीत सांगतो, पुढं लागणार आहे. शपथ जशी घेता येते तशी दुसऱ्यावर घालताही येते. 'तुले माह्या गळ्याची आन, आता जाशीन तर,' असं म्हटलं की समोरच्याचे पाय जागच्या जागी. त्याला मान्य असो की नसो, शपथ बसली. ती उतरवायची एकच वाट असते. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यानं सुटत नाही. लहानपणी आम्ही यावरून मैदानं गाजवली. मोठी माणसं याला पोरखेळ म्हणतात आणि आयुष्यभर पाळतात.

या सगळ्या अनुभवावरून मी एक सिद्धांत काढला होता: शपथ घेतो तो खोटं बोलतो, आणि जितकी मोठी शपथ तितका मोठा नाश्ता. मला त्याचा भारी अभिमान होता. लॅबमध्ये नवीन मुलं-मुली शिकायला आली की मी तो ऐकवत असे. तुळशीराम बापूंनी तो मोडला.

बापू मूळचे तेल्हाऱ्याकडचे. शेत करायला देऊन म्हातारपणी अकोल्यात मुलाकडे आलेले. डाबकी रोडला घर. मुलगा रेल्वेत, रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला जायचा, त्यामुळे बापूंना लॅबमध्ये घेऊन येत त्या घरातल्या दोघी: बायको द्वारकाबाई आणि सून प्रणिता. बापूंच्या उजव्या पायाचा अंगठा नव्या चपलेनं सोलला होता. एवढ्याशा जखमेचं काय, म्हणून हळद लावत राहिले, आणि ती बरी व्हायचं नाव घेईना. तेव्हा साखर सापडली. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं: साखर उतरली तर जखम भरेल, नाही उतरली तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल याची खात्री मी देत नाही.

औषधं सुरू झाली, इंजेक्शनं सुरू झाली. दर शनिवारी सकाळी तिघं रिक्षानं यायची. आकडा तीनशेच्या खाली येईना. एका शनिवारी तर आधीपेक्षा वर गेला. डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, तुमचं मशीन ठीक आहे ना? माझ्या मशीनवर कुणी संशय घेतला की मला फार लागतं. मी स्वतःचं रक्त काढून लावून पाहिलं. मशीन ठीक होतं.

म्हणजे कुणीतरी खोटं बोलत होतं. मी माझ्या पद्धतीनं उलटतपासणी सुरू केली.

"बापू, खरं सांगा. गोड काय खाता?"

बापूंनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. "मायच्यान भाऊ, साखरेचा दाना नाई. हिनं आन घातली हाय ना."

"कोणती आन?"

द्वारकाबाई पुढं झाल्या. ठेंगणी, सडसडीत बाई, नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. "म्या सांगतलं यायले. गोड खासान तर माहं मेलेलं तोंड पाहासान. लगन झाल्यापासून यायनं माह्या शब्दाबाहेर पाय नाई ठेवला. अन् राजेश्वराच्यान सांगतो भाऊ, म्या या हातानं यायले गोडधोड देलं नाई."

"मंग साखर येते कुठून?"

द्वारकाबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. स्वयंपाक प्रणिता करत होती. अमरावतीची मुलगी, शिकलेली, शांत. बापूंचा चहा वेगळा, भाजी वेगळी, साखरेचा डबा कुलपात, सगळं तीच सांभाळत होती. ती म्हणाली, "मी काहीच देत नाही, काका."

म्हणाली ती एवढंच. पुढं काहीच नाही. मी सवयीनं वाट पाहत राहिलो, की आता आईच्यान येईल, देवाच्यान येईल. आलं नाही. द्वारकाबाईंनाही ते खटकलं असणार.

"काय वं, असंच असन तर लेकराच्या डोक्शावर हात ठेवून म्हन. घरी गेल्यावर देवापाशी म्हन."

"नाही म्हणणार, आई."

"कावून?"

"दिलं नाही म्हणून सांगितलं ना. तेवढ्यासाठी पोराला मध्ये नाही आणणार मी."

बाकावर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून ऐकत होते. एक म्हातारी म्हणाली, "खरी असती तं ठेवला असता हात." आणखी दोघींनी मान डोलावली. माझ्याही मनात तेच आलं. माझ्या सिद्धांतात शपथ न घेणाऱ्या माणसाला जागाच नव्हती, कारण तसा माणूस मला कधी भेटलाच नव्हता.

मग द्वारकाबाईंनी ते केलं. लॅबच्या मधोमध उभ्या राहून, हात पुढं करून म्हणाल्या, "मंग ऐक. तुले माह्या नातवाची आन हाय. आजपासून सैपाकघरात पाय ठेवशीन तर!"

बापू "अवं, अवं" करत राहिले. शपथ बसून गेली होती.

पुढच्या शनिवारी मी प्रणिताला हळूच विचारलं, "हे काई खरं असते का, बाई? जायचं आपलं सैपाकघरात."

"मला माहीत आहे काका, खरं नसतं," ती म्हणाली. "पण त्याचं नाव घेतलं त्यांनी. उंबऱ्यापाशी जाते आणि पाय उचलत नाही." मग म्हणाली, "आई-बाबा अमरावतीला ये म्हणतात. बघते अजून थोडे दिवस. जाईन तर पोराला घेऊन जाईन." तिचा आवाज चढला नव्हता, पण मला तिच्याकडं पाहवेना.

त्या शनिवारी साखर उतरायला हवी होती, कारण आता स्वयंपाक द्वारकाबाई करत होत्या. साखर आणखी चढली. "बाहेरून आनून देत असन," द्वारकाबाई म्हणाल्या, पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता. अंगठा काळा पडत चालला होता. सर्जननं पुढचा आठवडा दिला आणि सांगितलं, त्यानंतर मी थांबणार नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी बापूंना रिक्षात बसवणं जमेना, म्हणून घरी येऊन रक्त घ्या असा निरोप आला. मी माझी पेटी घेऊन सकाळीच गेलो. दार प्रणितानं उघडलं. मला बसवलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. "आई, काकांना पाणी देता का?" स्वतःच्या घरात, पाच पावलांवर माठ असताना, ती पाहुण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्याला हाक मारत होती. मला ते पाणी गोड लागलं नाही.

बापू पलंगावर पाय उंच करून पडले होते. मी दंडाला पट्टा बांधला, शीर बोटानं चाचपली.

"काई खाल्लं-पेलं का, बापू?"

"मायच्यान भाऊ, रातपासून कडक उपाशी."

मी सुईचं टोपण काढलं. तेवढ्यात आतून वास आला. साजूक तुपात रवा भाजल्याचा, त्यात वेलची, त्यात केळं. द्वारकाबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी, काठोकाठ भरलेली पितळी वाटी घेऊन बाहेर आल्या.

"थांबा भाऊ, टोचू नोका. आधी देवाचं घेऊ द्या यायले."

आणि माझ्यादेखत बापू उठून बसले, हात जोडले, डोळे मिटले, आणि शिरा खाऊ लागले. भक्तीनं खात होते. वर एक काजू होता, तो त्यांनी शेवटी ठेवला.

सुई तशीच हातात धरून मी ओरडलो, "बापू! हे काय आहे?"

"परसाद होय," बापू भरल्या तोंडानं म्हणाले.

"गोड आहे तो!"

"मंग परसाद काय मिरचीचा रायते?" द्वारकाबाई माझ्यावर चिडल्या.

"अहो, आत्ता तर म्हणाले उपाशी आहो!"

"उपाशीच हावो ना," बापू कळवळून म्हणाले. "परसादानं उपास मोडते का? चतुर्थीले घेत नाई का आपन?"

मी खुर्चीवर बसलो. सुईला टोपण लावलं, नाहीतर कुणाला तरी टोचली असती. मग एकेक प्रश्न विचारत गेलो. हा प्रसाद कधीपासून? साखर सापडली तेव्हापासून. कुठं? मारुतीच्या देवळात, दर शनिवारी, लॅबमध्ये यायच्या आधी. गुरवाच्या घरी शिधा द्यायचा, त्याची बायको शिरा करून द्यायची, म्हणून घरच्या चुलीला त्याचा पत्ता नव्हता. बापूंना रिक्षातच वाटीभर द्यायचा आणि बाकीचा वाटायचा. प्रणिता तेव्हा कुठं होती? देवळाच्या पायरीशी चपला सांभाळत; रिक्षा कोपऱ्यापलीकडं उभी असायची, त्यामुळे बापूंची वाटी तिला कधी दिसली नाही. तिच्या हातावर चिमूटभर पडायचा. मग आकडा वर गेला तेव्हा द्वारकाबाईंनी मंगळवारही धरला. आणखी वर गेला तेव्हा गुरुवार. आज बापूंना उठता येईना, म्हणून शिरा पहिल्यांदा घरी केला.

"पण कशासाठी, द्वारकाबाई?"

बोललेला नवस फेडून होईपर्यंत सांगायचा नसतो, सांगितला तर फळत नाही, असं आमच्याकडं मानतात. म्हणूनच हे सगळं इतके दिवस झाकून राहिलं. शेवटी बापूंच्या अंगठ्याकडं पाहत त्या म्हणाल्या, "यायची साखर उतरो म्हनून."

मग उंबऱ्यापाशी प्रणिता हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग भिंतीला टेकून. हसता हसता खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. "मला सकाळपासून वास येत होता, काका," ती म्हणाली. "आत जाऊन पाहावं म्हटलं, पण आतच जाता येत नव्हतं ना मला!"

बापूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "म्हंजे, मारुतीनंच वाढोली का माही साखर?"

"म्या खोटी आन नाई घेतली, भाऊ," द्वारकाबाई एवढंएवढंसं तोंड करून म्हणाल्या. "यायले म्या गोडधोड नाई देलं. म्या परसाद देला."

नव्हतीच घेतली त्यांनी खोटी शपथ. बापूंनीही नाही. मी एकेकाची शपथ पुन्हा तपासून पाहिली, कुठंही खोटं सापडेना. सगळे खरं बोलत होते आणि बापूंचा अंगठा चालला होता. इतक्या वर्षांचा माझा सिद्धांत त्या पितळी वाटीत बुडाला. आणि जी बाई कुणाचीच शपथ न घेता खरं बोलली होती, तिच्यावर भर लॅबमध्ये मीही संशय घेतला होता, हे आठवून मला लाज वाटली.

आता नवस मोडायचा कसा, हा नवा प्रश्न. द्वारकाबाईंचा थरकाप उडाला होता. "जखम भरेपर्यंत शिरा बोल्ली मी त्याले. आता मधातच बंद केला तं थो कोपन ना!"

माझ्या पेटीत यावर काही नव्हतं. वाट बापूंनीच काढली. वाटीतला काजू बाजूला सारत ते बायकोला म्हणाले, "द्वारके, शिरा मारुतीनं मांगला होता का? थो तं फुटान्यातही खूश रायते. शिरा मले आवडते म्हनून तू बोल्ली."

द्वारकाबाईंनी आधी मान हलवली, मग हलवायची थांबवली. "आन घातली तवापासून हे ताटावर बसले का नुसते पाहात रायचे," त्या मला म्हणाल्या. "जिलबी नाई, पुरनपोई नाई. जलमभर पंगतीत शेवटी उठनारा मानूस. मले पाहावत नोतं, भाऊ. म्हनलं, देवाच्या नावानं तरी दोन घास जातीन."

आपणच घातलेल्या शपथेतून आपल्याच माणसाला सोडवायला त्या माउलीनं मारुतीला मध्ये घातलं होतं, आणि हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. मला हसूही येईना आणि रागही येईना. मी बापूंच्या हातातली वाटी घेतली आणि ती कुठं ठेवावी ते न कळून तशीच धरून बसलो.

"फुटाने तं फुटाने," द्वारकाबाई शेवटी म्हणाल्या आणि मारुतीच्या दिशेनं कानाला हात लावले. मग ओल्या केसांचा बुचडा बांधत लगबगीनं उठल्या. "ऊठ वं प्रणिता. च्या ठेव भाऊले."

प्रणिता उठली, पण उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली. तिनं डोळे पुसले होते. "आई," ती म्हणाली, "आधी सुटली म्हणा."

द्वारकाबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. सासू झाल्यापासून त्यांना असं कुणी काही म्हणायला सांगितलं नसावं. मग त्यांनी पुढं होऊन सुनेचा हात धरला.

"सुटली वं माय. सुटली, सुटली." आणि तिला ओढून उंबऱ्याच्या आत घेतलं.

चहा आला. प्रणितानं सगळ्यांना एकाच पातेल्यातला बिनसाखरेचा दिला, मलाही. मी तो औषधासारखा प्यायलो. त्या दिवशी बापूंचं रक्त मी घेतलं नाही, कारण आकडा शिऱ्याचा आला असता. डॉक्टरांना मी फोनवर सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सर्जनला. सर्जननं अंगठ्याला थोडी मुदत वाढवून दिली, आणि ती कामी आली. नख गेलं, वरचं थोडं मांस गेलं, अंगठा राहिला. आता तो जरा आखूड दिसतो. बापू तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि मारुतीनं वाचवला म्हणून सांगतात. मी तिथं असलो तर "अन् या भाऊनं," असं घाईनं जोडतात.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी तिघं पुन्हा लॅबमध्ये आली होती, नेहमीच्या तपासणीला. द्वारकाबाईंच्या पदराला फुटाण्यांची पुरचुंडी बांधलेली होती. बापू चालत आले, खुर्चीवर बसले, बाही वर केली. मी पट्टा बांधला.

"उपाशी आहात ना, बापू?"

बापूंचा हात सवयीनं गळ्याकडं गेला, कातडी चिमटीत आली, तोंड उघडलं. द्वारकाबाईंनी चटकन त्या हातावर एक चापट मारली.

"तुमी नोका सांगू. अन् मी बी नाई सांगत." त्या मागं वळल्या. "प्रणिता, तू सांग वं."

प्रणिता पोराच्या शाळेच्या फीबद्दल फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तिनं फोनवर हात ठेवला, बापूंकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "नाही खाल्लं काही."

आणि पुन्हा फोनवर बोलू लागली. मी आपला सुई धरून पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा.

"कोनाची वाट पाहून राहिले, भाऊ?" द्वारकाबाई म्हणाल्या. "टोचा ना. तिनं सांगतलं ना."